हेमराजचा लिनक्स फोन

पोंभुर्णा, ४ ऑगस्ट २०२५

चि. हेमराज यास वच्छलाबाईचे अनेक आशीर्वाद.

फोन लागत नाई म्हणून पत्र लिहून राह्यली. मागच्या बुधवारी आई धानाची रोवणी करता करता चक्कर येऊन बांधीतल्या चिखलात पडली. तुले नऊ वेळा फोन लावला. शेवटी ह्यांनी तिले गाडीवर बसवून दवाखान्यात नेलं. साखर वाढली होती, आता बरी आहे. पण डोळे उघडले तसं पयलं तुलेच विचारलं. तू वाटेत आहेस, असं मी खोटंच सांगतलं.

तुह्या नव्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप नाई, फोटो जात नाई. माह्या रोशनीनं मामासाठी नाचाचा व्हिडिओ ठेवला, तो तसाच पडून आहे. आमची म्हातारी म्हैस तरी हाक मारली का मान वळवते. चांगला फोन होता, तो विकला काऊन?

लोभ पातळ होऊ देऊ नको.
तुही मोठी बहीण, वच्छलाबाई

गडचांदूर, ९ ऑगस्ट २०२५

ती. बाईस हेमराजचा सा. न. वि. वि.

आईचं वाचलं. बुधवारी फोन खिशातच होता. स्क्रीन बंद झाली का हा असा झोपते, का कॉल आला तरी कधी उठते, कधी नाई. उठला तर आवाज एकाच बाजूनं. बॅटरी दुपारीच जाते. पहाटेच्या शिफ्टचा गजर वाजत नाई, म्हणून खोलीत घड्याळ आणलं.

सिमेंट प्लांटातल्या अंकुश साहेबानं त्याच्या जुन्या फोनवर हे लिनक्स टाकून दिलं. कॉम्प्युटरवर राह्यते तसंच. बिघडलं का काळ्या पडद्यावर इंग्रजीत हुकूम लिहा. बटनाचा फोन घेतला असता, पण आमची हजेरी वेबसाइटवर भरा लागते. याच्यावर व्हिडिओ अडकत अडकत चालते, पाह्याची इच्छाच मरते. मले तेवढंच पाह्यजे होतं.

थकलो, बाई. जास्त विचारू नको. १७ तारखेले, रविवारी येतो.

माया असू दे.
हेमराज

पोंभुर्णा, १९ ऑगस्ट २०२५

चि. हेमराजास आशीर्वाद.

रविवारी आला, आईचे पाय चेपले, पण कोणाच्या डोळ्यात पाह्यलं नाई. मी श्रावणचं विचारलं तर भरल्या ताटावरून उठला. तुह्यासंगं खदानीत राबणारा, तुह्या लग्नात सगळ्यात जास्त नाचणारा माणूस तो. जूनमधी खदानीत तुह्या डंपरखाली त्याचा पाय गेला. तोच चुकीच्या बाजूनं आला, असं तू आम्हाले सांगतलं होतं.

आई कामावर गेली का लहानपणी तुले मीच कडेवर वागवलं. खरं लिही. रागावली तरी तुही बाईच आहो मी.

वच्छला

गडचांदूर, २४ ऑगस्ट २०२५

ती. बाईस सा. न. वि. वि.

श्रावण बरोबर जागीच उभा होता. हात दाखवून राह्यला होता. मी डंपर मागं घेऊन राह्यलो होतो, अन् फोन माह्या मांडीवर, व्हिडिओ चालू. आरशात पाह्यलंच नाई. चौकशीत घाबरून त्याच्यावर ढकललं, अन् चूक त्याच्या नावानं लिहिली गेली.

दुसऱ्या दिवशी तो फोन विकला. तो हातात धरवत नव्हता.

हेमराज

पोंभुर्णा, ३० ऑगस्ट २०२५

चि. हेमराजास आशीर्वाद.

पत्र चुलीजवळ वाचलं. आईले सांगतलं, धुरानं डोळ्यात पाणी आलं. बाबू, फोन बदलून हे फिटत नाई. आधी श्रावणच्या दारात जा, मंग खदानीच्या साहेबाच्या.

नोकरी गेली तर घरी ये, आपली बांधी आहे.

वच्छला

गडचांदूर, ९ सप्टेंबर २०२५

ती. बाईस सा. न. वि. वि.

आज साहेबाले लिहून दिलं. डंपर काढून घेतला. पोलीसही बोलावतील म्हणते.

श्रावणकडे काल गेलो होतो. सगळं सांगतलं. त्याच्या बायकोनं समोर ठेवलेला चहा उचलून परत नेला. मंग श्रावण म्हणाला, का तीन महिने मी स्वतःलेच शिव्या देऊन राह्यलो, आंधळ्यासारखा गाडीमागं उभा राह्यलो म्हणून. मले वाटलं, मारते. पण त्यानं बायकोले आतून बोलावलं, अन् माह्यासमोर तिले सांगतलं, का ऐक, माही चूक नव्हती. दोनदा सांगतलं. दुसऱ्यांदा सांगताना रडला.

मले फक्त जा म्हणाला.

जमन तेवढाच लोभ ठेव.
हेमराज