रेश्माने दाखवलेली माझी पाटी

मंगळवार, संध्याकाळ

डोकं फिरलंय माझं. महिनाभर माझी लेक रेश्मा रोज सकाळी बाजारात माझ्या पाटीतली पापलेटं पट्टीने मोजत होती. गिऱ्हाईक खोळंबायचं, तरी मोजू दिली. शाळेचा प्रकल्प, जपान-जर्मनीची पोरं सोबत आहेत, म्हटलं शिकतेय पोर. आज व्हिडिओ कॉलवर तिने त्यांना माझ्याच पाटीचा फोटो दाखवला. इंग्रजी कळलं नाही, पण पाटी ओळखली मी. ती पोरं वाईट तोंड करून माना हलवत होती.

कॉल संपल्यावर विचारलं, "काय सांगितलंस गं?"

"पिल्लं पकडतात, म्हणून मासे संपत चाललेत."

"पाटी कुणाची ते?"

"नाही सांगितलं. ती पोरं तुला वाईट म्हणाली असती."

"आणि तू काय म्हणतेस?"

गप्प बसली. त्याचाच राग आहे, फोटोचा नाही. पापलेटं छोटी होती, मला काय दिसत नाही?

शुक्रवारी परत कॉल आहे. मी तिच्या शेजारीच बसणार. विचारा म्हणावं मला, छोटी का विकतेस. मोठं पापलेट शेवटचं कधी विकलं ते मलाच आठवत नाही. घरातल्या शास्त्रज्ञीणबाईंनी तरी कुठे विचारलं?