मशीन एकच चालू आहे

२० फेब्रुवारी
कालपासून नवऱ्याला लघवीचा थेंब नाही! आठवडाभर चिकुनगुनियाचा ताप. सांधे असे धरलेत की क्रिस्पिनला मीच भरवतेय. पाण्याला तोंड लावेना, वर दुखण्याच्या गोळ्या — हट्टाने. आज चेहरा सुजला, तसं सरकारी दवाखान्यात आणलं. डॉक्टरीण अगदी पोरगी आहे. म्हणाली, "आजी, किडन्या बंद पडल्यात. त्यात आजोबांचं वय अठ्ठ्याहत्तर. बघू."
बघू म्हणजे काय?

२१ फेब्रुवारी
शेजारच्या खाटेवर एलादियो. तोच ताप, त्याच्याही किडन्या बसलेल्या. क्रिस्पिन आयुष्यभर गावोगावच्या फुटबॉल मॅचना पंच — एलादियोने त्याला ओळखलंच!
"आमच्यावर पेनल्टी देणारा चोर तूच ना?"
"हात लागला होता," क्रिस्पिन म्हणाला.
"कसला लागला! तेव्हापासून दुखतेय माझी किडनी."
दोघे हसले. त्याची मुलगी सुनिल्दा हसली, मीही. मग पुन्हा दोन्ही खाटांखालच्या लघवीच्या रिकाम्या पिशव्यांकडे बघत बसलो.

२२ फेब्रुवारी
"निमिया, तेरेरे दे. बर्फ घालून. एकच घोट." सकाळपासून त्या गार चहासाठी हेच. किडन्या चालेपर्यंत पाणी मोजूनच द्यायचं, सक्त ताकीद आहे. लहान पोरासारखा रडला. बाहेर जाऊन उभी राहिले.

२३ फेब्रुवारी
रक्त शुद्ध करायचं मशीन एकच चालू. दुसरं बिघडलंय, राजधानीत, असुन्सियोनला, खाट नाही. डॉक्टरीण म्हणाली, आधी क्रिस्पिन, त्याचं रक्त जास्त बिघडलंय. एलादियो उद्यापर्यंत थांबेल.
सुनिल्दाकडे बघवेना. तीच म्हणाली, "जा मावशी. आमचं उद्या."
मला आनंद झाला. झालाच! काकुपेच्या माते, काय करू?

२४ फेब्रुवारी
सकाळी एलादियो गेला. हृदयच थांबलं. मशीन जोडायच्या आधीच.

२६ फेब्रुवारी
पिशवीत लघवी! अर्धी पिशवी! नर्सला हाका मारत धावले. क्रिस्पिन विचारतो, "एलादियो कुठाय?" म्हटलं, घरी गेला.

२७ फेब्रुवारी
डॉक्टरणीला विचारलं — मशीन लावलं नसतं तर? तिने केसपेपर पुन्हा चाळला. मग म्हणाली, "आजी, किडन्या इतक्या लवकर सुरू झाल्या... कदाचित तशाही झाल्या असत्या. तेव्हा कळायला मार्ग नव्हता."

२८ फेब्रुवारी
सुनिल्दाचा फोन. "मावशी, काका वाचले ना? मशीनमुळेच ना?"
"हो गं," म्हटलं. "मशीनमुळेच."