घरच्या मैदानावर नऊ-शून्य

२४ ऑगस्ट २००६, गुरुवार

युरोपातल्या फुटबॉल क्लबांच्या मोठ्या स्पर्धेचा ड्रॉ आज झाला. आमचाही झाला. इथे लंडनला, वेम्बलीत, माझ्या डायनिंग टेबलावर, संध्याकाळी सहा वाजता. बायकोच्या, सुनेत्राच्या, दोन स्टीलच्या पातेल्यांत चिठ्ठ्या. हजर कुणी नव्हतं, तरी पारदर्शकता हवी म्हणून प्रत्येक नाव मोठ्याने वाचलं.

कॅरमची स्पर्धा. आठ खेळाडू, चार-चारचे दोन गट, प्रत्येकाशी एकदा आपल्या घरी, एकदा त्याच्या घरी. म्हणजे माझ्याकडे गटात तीन होम सामने पक्के. फायनल तटस्थ जागी, आणि ती जागा युरोपात आधीच ठरवतात, म्हणून मीही आधीच ठरवली: माझं घर. समितीचा निर्णय एकमताने. समितीत मी आहे.

हे सगळं मराठी माणसाच्या एकजुटीसाठी. आसावरीच्या अटीशी याचा काही संबंध नाही.

आसावरी, माझी मुलगी, जुलैत ब्रिस्टलहून आली होती. इथे वाढलेल्या तिच्या मराठीत म्हणाली, बाबा, घर खूप मोठा आहे आणि तुझ्याकडे कोणी येत नाही, विकून माझ्याकडे ये. मी म्हटलं, लोक येतात. ती म्हणाली, ओके, मे महिन्यापर्यंत वेळ देते, लोक आले तर राहा, नाही आले तर एजंटला फोन.

बघेल ती.

२५ ऑगस्ट

युरोपात क्लबांचा क्रम गेल्या पाच वर्षांच्या कामगिरीवर लावतात. म्हणून ड्रॉच्या आधीच मी सुनेत्राची निळी वही काढली होती. कोण जेवायला आलं आणि काय केलं होतं हे ती लिहून ठेवायची, त्याच माणसाला तीच भाजी परत नको म्हणून. वही नोव्हेंबर २००४ ला थांबते. त्यानंतर हॉस्पिटल. त्यानंतर ती नाही.

वहीतल्या शेवटच्या पाच वर्षांत हॅरोचे राजीव-मीनल एकेचाळीस वेळा. अनुप-आशा एकोणतीस. माझ्या गप्पांचं लोकांना आकर्षण आहे हे आता पुराव्याने सिद्ध. फक्त आकडे घेतले, बाकी मजकूर वाचत बसलो नाही.

माझ्या गटात राजीव, अनुप आणि अवधूत. अवधूत पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला, वर्क व्हिसावर, हाउन्सलोला राहतो. आमच्याकडे एकदाच आला होता, म्हणून सगळ्यात खालचं मानांकन. राजीवचा मेहुणा दुसऱ्या गटात घातला. एका देशाचे दोन क्लब एका गटात टाकत नाहीत.

मला या स्पर्धेतलं सगळ्यात काय आवडतं ते लिहून ठेवतो. कोण कुणाकडे कधी जाणार हे ऑगस्टातच ठरतं. तुम्ही मला आवडता की नाही हा प्रश्नच नाही. नाव निघालं की जायचं, आणि समोरच्यानं तुमच्याकडे यायचं. आपल्यासारखं ‘या हं एकदा’ नाही.

सगळ्यांना ईमेल. नऊ नियम. त्यातले महत्त्वाचे: सामने मंगळवारी, पावणेआठला, युरोपासारखे. दोन गेम जिंकेल तो जिंकला. नियम सात: यजमानाने फक्त चहा द्यायचा, जेवण नाही, कारण त्याने यजमानाला अवाजवी फायदा मिळतो. (मला स्वयंपाक येत नाही हे कारण नाही.) नियम नऊ: पंधरा मिनिटांत न पोचल्यास सामना दुसऱ्याला तीन-शून्यने बहाल, युरोपातला आकडा तोच.

राजीवचं उत्तर आलं: नाइस आयडिया, गिरीश.

१२ सप्टेंबर, मंगळवार

पहिला अवे सामना, राजीवकडे. हरलो, शून्य-दोन. दिवा माझ्या डोळ्यांवर येत होता.

नियम सातचा उघड भंग. मीनलने वरण-भात, अळूची भाजी, काकडीची कोशिंबीर आणि वर गुलाबजाम. तोंडी ताकीद दिली. तीनदा भात घेतला, नाही म्हटलं असतं तर तिला वाईट वाटलं असतं. मीनल म्हणाली, भाऊजी, कधीही येत जा. मी म्हटलं, कधीही नाही, फिक्स्चरप्रमाणे.

२६ सप्टेंबर, मंगळवार

पहिला होम सामना, अनुपशी. काल हॉल व्हॅक्यूम केला. बोर्डाला पावडर. चहाचे कप चार, जास्तीचे दोन.

दुपारी अनुपचा फोन. आशा म्हणते की तुम्ही एकटे, कशाला तुम्हाला त्रास, तुम्हीच या आमच्याकडे, पावभाजी करतेय. मी म्हटलं, हा माझा होम सामना आहे. तो म्हणाला, हो, पण तुम्हाला उगाच भांडी-बिंडी. मी म्हटलं, नियमात बसत नाही. तो म्हणाला, मग राहू दे काका, परत कधीतरी.

आठला तीन-शून्य लिहून टाकलं. तीन गुण. सुरुवात चांगली झाली.

३१ ऑक्टोबर, मंगळवार

दुसरा होम सामना, राजीवशी. आज दारावर बरीच जणं आली, पण ती हॅलोवीनवाली पोरं होती. चहाबरोबरची बिस्किटं त्यांना दिली.

राजीवचा साडेसहाला फोन. मीनल म्हणते, तुला कशाला त्रास, इकडेच ये, भरीत केलंय. पावसात बाहेर पडायचं नव्हतं असं मी कळवलं. पाऊस नव्हता, पण त्याला कुठे दिसतंय.

तीन-शून्य. होम रेकॉर्ड शंभर टक्के. आसावरीला फोनवर सांगितलं, घरच्या मैदानावर अजिंक्य आहे. ती म्हणाली, वॉव, कोण आलं होतं? मी म्हटलं, राजीव-मीनल, अनुप-आशा. म्हणजे ड्रॉप्रमाणे तेच होते.

५ डिसेंबर, मंगळवार

गटातला शेवटचा होम सामना, अवधूतशी. फोन आला नाही. म्हणजे येतोय.

सात पंचवीस. दिवा लावला, हीटिंग दोन अंश वाढवलं.

सात पंचेचाळीस. नाही.

आठ वाजता नियम नऊ लागू. पेनने लिहिलं, तीन-शून्य.

आठ दहाला बेल. अवधूत. धापा टाकत. पिकॅडिली लाइनची गाडी अडकली होती, फोनला सिग्नल नव्हता, सॉरी काका. हातात स्टीलचा डबा. बायकोने, चैत्रालीने, भरली वांगी आणि भाकरी दिलीय म्हणाला. मी दारातच त्याला निकाल सांगितला. तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतोय. मग म्हणाला, काका, नुसतेच खेळू की, फ्रेंडली.

मी कौन्सिलच्या पार्किंग विभागात सव्वीस वर्षं काढली. तिथे पंधरा मिनिटंसुद्धा देत नव्हतो. एकाला सूट दिली की सगळे मागतात. त्याला हे समजावलं. तो म्हणाला, बरं काका. डबा माझ्या हातात देऊन गेला. थंडी बरीच होती.

वांगी फारच उत्तम. बोर्डाशेजारी बसून खाल्ली.

६ डिसेंबर

गट संपला. तिन्ही अवे सामने हरलो, तिन्ही होम जिंकलो. नऊ गुण, दुसरा क्रमांक, सेमी फायनल. होम गेम: नऊ-शून्य. युरोपात इतका भक्कम बचाव क्वचितच.

अवधूतचा डबा घासून ठेवला. रिकामा परत कसा करायचा? काहीतरी शिकून, करून, भरून देईन. जानेवारीत नक्की.

२० फेब्रुवारी २००७, मंगळवार

सेमी फायनल, पहिला लेग, दुसऱ्या गटातल्या रेखाताईंकडे. निवृत्त नर्स, सत्तरीच्या, हात मात्र अजून इंजेक्शन दिल्यासारखा अचूक. हरलो. जेवताना रेखाताई म्हणाल्या, सुनेत्राच्या हातची आमटी आठवते हो. मी विषय अवे नियमांकडे वळवला.

अवधूतच्या डब्यात द्यायचा शिरा अजून शिकलो नाही. फेब्रुवारी लहान असतो.

६ मार्च, मंगळवार

दुसरा लेग, माझ्याकडे. रेखाताईंचा फोन. गुडघा दुखतोय, जिना चढवत नाही, तुम्हीच या ना. मी म्हटलं, आमच्याकडे जिना कुठे, खालीच खेळायचंय. त्या म्हणाल्या, तुम्हालाही कशाला त्रास.

या वेळी गेलो. गुणतक्त्यात नोंद: होम सामना, स्थळ बदलून. हरलो. बाद. आता फायनल राजीव विरुद्ध रेखाताई. हरल्याचं विशेष नाही. फायनल माझ्याच घरी आहे, त्यामुळे दोघं येणारच, मीनल येणारच. आसावरीलाही बोलावलंय.

१९ मे, शनिवार

आज इथल्या नव्या वेम्बली स्टेडियमात कप फायनल. सकाळपासून दारावरून माणसांचा पूर. मी पडदा उघडा ठेवला.

एकाने बेल वाजवली. गळ्यात स्कार्फ, वय पन्नाशीचं, उत्तरेकडचा. टॉयलेट वापरू का म्हणाला. या म्हटलं. बाहेर आल्यावर त्याला गुणतक्ता दाखवला, मानांकन कसं काढलं ते समजावलं. चार मिनिटं उभा राहून ऐकलं त्याने. चहा घ्या म्हटलं, तर मित्र थांबलेत म्हणाला. जाताना म्हणाला, लव्हली हाउस, मेट.

प्रेक्षकसंख्या: एक.

२३ मे, बुधवार

तिकडे अथेन्सला फायनल, इकडे माझ्याकडे. आठ खुर्च्या. ईलिंग रोडवरून पेढे आणले, नियम सात फायनलपुरता शिथिल. आसावरी पाचला आली. हॉल बघून म्हणाली, बाबा, छान दिसते.

सात वीसला मीनलचा फोन. भाऊजी, सांगायचं राहिलं, रविवारी रेखाताई आमच्याकडे जेवायला होत्या, बोर्ड मांडलेलाच होता, खेळून संपवून टाकलं दोघांनी. रेखाताई जिंकल्या. म्हटलं, बुधवारी परत सगळ्यांचा तुम्हाला कशाला त्रास.

अभिनंदन कळवा म्हटलं.

आसावरी गुणतक्ता बघत होती. लहानपणी दर मंगळवारी माझ्या मांडीवर बसून मॅच बघायची ती. म्हणाली, बाबा, दोन गेम जिंकला की मॅच संपते ना, मग हे तीन-शून्य कुठून आलं? समोरचा आलाच नाही की हा आकडा लिहितात हे तिला माहीत होतं. म्हणाली, तिन्ही? मी म्हटलं, तिन्ही.

ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. मग खुर्च्या उचलायला लागली. मी म्हटलं, राहू दे, मी करतो. दोघांनी मिळून उचलल्या.

२४ मे

आसावरी सकाळी गेली. निळी वही परत काढली. या वेळी मजकूर वाचला.

२ एप्रिल २००२. राजीव-मीनल. मटार उसळ, पोळ्या, शिरा. गिरीश समोरच्या खोलीत, मॅच.

३० ऑक्टोबर. अनुप-आशा. गिरीश मॅचला. आशाला वाटलं काका रागावलेत. दमतात म्हटलं.

आणखी एक. राजीव-मीनल. मीनल विचारत होती, भाऊजी आपल्यात का बसत नाहीत. गिरीशला एकदा तरी बसवायला हवं.

एकेचाळीस वेळा आले ते. मी किती वेळा त्यांच्यात बसलो ते मोजलं. सहा. लोक तिच्याकडे यायचे आणि ती माझ्या वतीने माफी मागायची. मला वाटत होतं, घर माझं आहे. मला तिची फार आठवण येते. हे आजवर या रोजनिशीत लिहिलं नव्हतं.

दुपारी एजंटला फोन केला. मीच.

२ जून, शनिवार

एजंटने फोटो काढले. हॉल प्रशस्त आहे म्हणाला.

नंतर शिरा केला. पहिला करपला, दुसरा जमला म्हणायचा. अवधूतच्या डब्यात भरला आणि त्याला फोन लावला. नंबर बंद. राजीवला विचारलं. तो म्हणाला, अरे, त्याचं प्रोजेक्ट मार्चमध्येच संपलं, गेले ते पुण्याला, आमच्याकडेच सेंड-ऑफ झाला की. तुला सांगणार होतो, पण मंगळवार होता, तुझा सामना.

शिरा मीच खाल्ला. गाठी झाल्या होत्या. डबा घासून ब्रिस्टलच्या खोक्यात ठेवला, कॅरम बोर्डाच्या वर.

मग ५ डिसेंबरचं पान काढलं. तीन-शून्य खोडलं. तिथे लिहिलं: अवधूत आला होता.