‘पाठमोरी’तली बाई

४ फेब्रुवारी

दातांच्या डॉक्टरनेही आज तेच केलं! मी आ वासून पडलेले, तोंडात त्याची सळई, आणि हा विचारतो — “तुम्हीच ना त्या ‘पाठमोरी’तल्या? शाळेच्या पुस्तकात होतं आम्हाला ते चित्र.” मग मान हलवून म्हणतो, “काय सोसलं असेल हो त्यांनी, तुमच्या मिस्टरांनी!”

त्यांनी! दात माझा किडला आणि सोसलं त्यांनी!

५ फेब्रुवारी

कालचा राग अजून उतरलेला नाही. आहे काय त्या चित्रात? एक बाई खिडकीकडे तोंड करून बसली आहे. पाठ उघडी, केस वर बांधलेले. टेबलावर चहाचे दोन कप, एक संपलेला, एक तसाच. बास! महाशयांनी, म्हणजे आमच्या नवऱ्याने, ते रंगवलं. समीक्षकबुवांनी त्यावर लिहिलं — “कलावंताकडे पाठ फिरवलेली थंड पत्नी.” तेव्हापासून मी थंड. पार्टीत थंड, पाहुण्यांत थंड, पुस्तकांत तर नुसता बर्फ. महाशयांनी एकदा तरी म्हणावं, अहो, असं काही नाही! छे. मुलाखतीत तो प्रश्न आला की सुस्कारा सोडतात. हुकमी सुस्कारा आहे तो, मी घरी तालीम ऐकलेली आहे.

आणि ही थंड बाई लॅबमध्ये जन्मभर लोकांचं रक्त तपासत राहिली, म्हणून यांना घरी बसून रंग कालवता आले.

९ फेब्रुवारी

महाशयांचं मोठं प्रदर्शन भरणार आहे. त्यासाठी म्युझियमची संशोधक आली होती. जाड भिंगांचा चष्मा, बोलायला गोड. तिला माझा फार कळवळा! “तुमच्यावर अन्याय झालाय. ती पाठ थंडपणाची नाहीच, बंडाची आहे. तुम्ही बघणाऱ्याची नजर नाकारताय.”

मी म्हटलं, “अगं, मी भाजी निवडत असेन.”

हसली नाही. लिहून घेतलं!

एकाने माझा बर्फ केला, ही आता निखारा करायला निघाली आहे. मला विचारतंय कोण?

१० फेब्रुवारी

खरं सांगायचं तर तशी कधी बसले होते, ते मला आठवतच नाही. महाशयांची रीतच तशी. समोर कुणाला बसवायचं नाही. बाई आपल्या नादात असली की मागून रेखाटून ठेवायचं आणि महिन्यांनी रंगवायचं. “पोझ दिली की बाई खोटी होते,” असं मोठ्या ऐटीत सांगतात. त्यामुळे सगळ्या बायका पाठमोऱ्या. आणि माझी पाठ मी कुठे पाहिली आहे? लोक म्हणाले तुझी, मी म्हटलं असेल.

१६ फेब्रुवारी

सुचलं!!

१७ फेब्रुवारी

चष्मेवालीला बोलावलं, चहा पाजला आणि शांतपणे सांगितलं — “ती मी नाहीच.”

तिचं पेन थांबलं. मग मी जी काही रंगले! म्हटलं, दुसरी होती. मी लॅबमध्ये गेले की दुपारची यायची. महाशय तिच्यापायी खुळावले होते. शेवटी तिनेच यांना झिडकारलं, तोंड फिरवून बसली. तीच ही पाठ. पुढे सगळं खापर माझ्या डोक्यावर फुटलं आणि हे गप्प बसले.

“कोण होत्या त्या?”

“माझ्या ओळखीची आहे. नाव घेणार नाही.”

पहिल्यापासून शेवटपर्यंत थापा! इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती. आता लोक यांना गाठून विचारतील, कोण हो ती? तुम्हाला झिडकारलं म्हणे? द्या उत्तरं! मी थंड, तर तुम्ही नाकारलेले. फिटंफाट.

२ मार्च

धाकटीशी फोनवर गप्पा. मला थंड म्हणणाऱ्यांशी कडाकडा भांडणारी ही माझी एकच बहीण. थापेचं तिला मुद्दाम सांगितलं नाही. पेपरात वाचेल तेव्हा हसून हसून लोळेल!

२१ मार्च

आलं छापून! पेपरात चष्मेवालीचा अर्धं पान लेख. “‘पाठमोरी’ पत्नी नव्हे!”

महाशयांनी वाचलं. मला वाटलं आदळआपट करतील, खोटं आहे म्हणून ओरडतील. काही नाही! चेहरा पांढराफटक. “हिला कोणी सांगितलं?”

“मी.”

उठले, खोलीत गेले, कडी लावली. वर्मी बसला घाव! एवढा मोठा कलावंत आणि एका बाईने झिडकारलं म्हणून गावभर झालं. मी आईस्क्रीम आणून खाल्लं. दात ठणकला, ठणकू दे.

२२ मार्च

समीक्षकबुवांचा फोन. पुस्तकातलं अख्खं प्रकरण बदलावं लागणार म्हणे. मी म्हटलं, “बदला की! बाईबद्दल काय वाटेल ते लिहायची सवय आहेच तुम्हाला.” आणि फोन ठेवला. महाशय जेवायलाही बाहेर आले नाहीत. मी दोनदा वाढून घेतलं.

२३ मार्च

धाकटी आली आहे. न कळवता. दारातच रडायला लागली.

“ताई, कॉलेजसाठी तुमच्याकडे राहायचे तेव्हाचं... चित्रातली ती मी, हे तुला ठाऊक होतं. तरी एका शब्दाने बोलली नाहीस. उलट माझ्या परीक्षेला माझ्याबरोबर जागत होतीस.”

पाणी आणते म्हणून आत आले आहे. ती बाहेर वाट बघते आहे. मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं — हे तिला मी कधीच सांगणार नाही.