रविवारचा वर्ग बंद केल्याबद्दल

सर,

तुमचा रविवारचा वर्ग विद्यार्थ्यांनी नाही, मी बंद केला. तुमचा समज वेगळा होता आणि तो समज घेऊनच तुम्ही गेलात. तुम्हाला प्रस्तावना आवडत नसे, म्हणून मुद्दा आधी लिहिला.

हल्ली लोक तुमच्याबद्दल फार चांगलं बोलतात. मेलेल्या शिक्षकाबद्दल चांगलं बोलायला काही लागत नाही. मला मात्र तुम्ही नीट आठवता. नारायण पेठेत फोटोफ्रेमच्या दुकानावरची ती खोली, सकाळचे आठ. कंपनीने कायद्याप्रमाणे कोणत्या नोंदी ठेवायच्या, कोणता अर्ज कुठे आणि कधी भरायचा, हे आम्ही नोकरी सांभाळून शिकत होतो. आठवडाभर तुमच्या फिक्या शाईतल्या नोट्स टपालाने घरी येत, आमची उत्तरं टपालाने तुमच्याकडे जात आणि रविवारी तुम्ही समोर. आज याला ब्लेंडेड लर्निंग म्हणतात आणि त्यावर खराडीतल्या ऑफिसांत दिवस दिवस चर्चा झडतात. तुम्ही त्याला काहीच म्हणत नव्हता. तुम्ही प्रश्न विचारायचात, हाताची घडी घालायचात आणि कुणीतरी उत्तर देईपर्यंत गप्प उभे राहायचात. खाली फ्रेमवाला खिळे ठोकत असायचा. एकदा त्याची अख्खी फ्रेम ठोकून झाली तरी तुम्ही गप्पच.

त्या वर्गात एकोणीस पुरुष आणि मी. मी कात्रजहून यायचे, एका कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट होते. एका रविवारी तुम्ही मला उभं केलंत. उत्तर मला येत होतं, पण आवाज फुटेना. तुम्ही वाट पाहिलीत, मग म्हणालात, "बाई, उद्या इन्स्पेक्टर दारात उभा राहील तेव्हाही असाच पदर चावत बसणार का?" एकोणीसजण हसले. मी उत्तर दिलं. बरोबर होतं. तुम्ही नुसतं "बसा" म्हणालात. मी परीक्षा पास झाले तेव्हा तुम्ही तुमचं जुनं पंचिंग मशीन मला दिलंत. लोखंडी, जड. त्याचं एका बाजूचं भोक अर्धंच पडायचं. "नवीन घ्यायची ऐपत येईपर्यंत वापरा," म्हणालात. तुमच्याकडून मिळालेलं तेवढंच कौतुक.

पुढे खराडीत काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. मी पदर सोडून सलवार-कमीजवर आले आणि टायपिस्टची कोर्स-प्रमुख झाले. आमची संस्था कंपन्यांच्या नोकरदारांना हेच शिक्षण विकत होती, फक्त टपालाच्या जागी पडदा. तुम्हाला मीच बोलावलं. तीन दिवस मी तुम्हाला कॅमेऱ्यासमोर बसवलं.

"सर, फळ्याकडे नका बघू. कॅमेऱ्याकडे बघा."

"हा प्रश्न विचारतो का?"

"नाही."

"उत्तर देतो?"

"नाही, सर."

"मग याला शिकवून पास कुणाला करायचंय?"

कॅमेरावाला हसला. मी हसले नाही. तुम्ही तिथेही प्रश्न विचारून हाताची घडी घालून थांबत होता. रिकाम्या खोलीत, कुणी उत्तर देईल म्हणून. ते थांबणं मी सगळं कापलं. तुमचा खोकला कापला, चष्मा पुसणं कापलं. तासाभराचा पाठ निम्म्याहून कमी झाला आणि खरं सांगायचं तर जास्त चांगला झाला. तुम्ही कंटाळवाणे होता, सर. हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही कारण सगळे तुम्हाला घाबरायचे.

पाठ पडद्यावर आणि रविवारी तुमचा वर्ग, असं पहिल्या तुकडीचं ठरलं. तुम्ही नारायण पेठेतून दोन बस बदलून खराडीला येत होता. वर्ग पुढे ठेवायचा की नाही, हे तुकडी संपल्यावर विद्यार्थ्यांच्या अभिप्रायांवरून ठरणार होतं. काकू गेल्या होत्या, मुलगा परदेशी, नारायण पेठेतला वर्ग पोरांअभावी कधीच बंद पडलेला. तुमच्या आठवड्यात रविवार सोडून दुसरं काही उरलं नव्हतं, हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही.

शेवटच्याच्या आधीच्या रविवारी मी वर्गात मागे बसले होते. एक मुलगी उभी होती. नागपूरकडची, कामात हुशार, पण बोलताना अडखळणारी. तुम्ही वाट पाहिलीत आणि मग माझ्याकडे बोट केलंत. "घाबरू नका. तुमच्या या मॅडम आहेत ना, त्या तर पदर चावायच्या." सगळी तुकडी वळून माझ्याकडे पाहू लागली. माझ्या कोर्सची माणसं, मी ज्यांच्या हजेऱ्या घेत होते ती. मुलगी हसली आणि तिने उत्तर दिलं. तुमच्या दृष्टीने काम झालं.

अभिप्रायाचे फॉर्म पुढच्या रविवारी भरले जायचे होते. मी अहवाल शुक्रवारीच लिहिला. "रविवारचा वर्ग विद्यार्थ्यांना अनावश्यक वाटतो." खाली सही. रविवारी फॉर्म आले, ते मी पाकिटात घातले, पाकीट चिकटवलं आणि कपाटात ठेवलं. उघडून पाहिलं नाही. सोमवारच्या बैठकीत आमचे संचालक, वय तिशीचं, म्हणाले, "फीडबॅक क्लिअर आहे ना, मॅडम?" मी म्हटलं, "क्लिअर आहे."

तुम्हाला सांगायला मी तुमच्या घरी आले. तुम्ही स्वयंपाकघरात चहा करत होता. ओट्यावर एकच कप होता. दुसरा तुम्ही वरच्या फळीवरून काढून विसळलात. मी उभ्या उभ्या सांगितलं.

"विद्यार्थ्यांनी तसं लिहिलंय?"

"हो, सर."

"सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी."

"त्या नागपूरच्या मुलीनेही?"

"हो."

तुम्ही गॅस बंद केलात. चहा अजून उकळला नव्हता. "नोंद आहे ना? मग झालं," म्हणालात आणि तो तसाच कच्चा चहा गाळून माझ्यापुढे ठेवलात. मी प्यायले. फॉर्म दाखवा असं तुम्ही म्हणाल अशी मला भीती होती. तुम्ही म्हणाला नाहीत. आयुष्यभर लोकांकडून कागद मागणारा माणूस, माझ्याकडे मागितला नाहीत. पुढचं वर्ष तुम्ही काढलं नाहीत. वैकुंठ स्मशानभूमीत आम्ही नऊजण होतो.

तेव्हापासून मी एक गोष्ट धरून बसले होते. त्या पाकिटात काय असेल ते मला ठाऊक आहे, असं मी मानत होते. सर हवेत, वर्ग हवा, असंच त्यांनी लिहिलेलं असणार. मी त्यांचा आवाज दाबला आणि एका चांगल्या शिक्षकाला घरी बसवलं. स्वतःला मी यासाठी पुरेशी शिक्षा केली आहे, आणि सांगायला लाज वाटते, पण त्यात एक सोयही होती. मी जितकी वाईट, तितके तुम्ही मोठे.

येत्या महिन्यात मी निवृत्त होते आहे. जुने कागद नष्ट करायचे आहेत. त्यासाठी रजिस्टर असतं. आतला मजकूर तपासल्याशिवाय सही करायची नाही, हा नियम मीच केलेला. काल दुपारी पाकीट फोडलं. "रविवारी घरी मुलं वाट बघतात." "व्हिडिओ पुरेसा आहे." "सर अपमान करतात." "सरांना आता आराम द्यावा." नागपूरच्या मुलीने लिहिलंय, "वर्गाच्या आदल्या दिवशी जेवण जात नाही." मी एकेक फॉर्म उलटून मागची बाजूही पाहिली. एकानेही तुम्हाला मागितलं नव्हतं, सर. मी खोटं बोलले होते, आणि ते शब्दाला शब्द खरं निघालं.

मला वाटलं होतं, सुटल्यासारखं होईल. तसं काही झालं नाही. बराच वेळ मी ते फॉर्म पुन्हा पुन्हा चाळत बसले. कुणीतरी चुकून तरी लिहिलं असेल म्हणून.

गठ्ठ्यात एक फॉर्म कोरा होता. कुणीतरी न भरता दिलेला. मी त्यावर लिहिलं, "वर्ग चालू ठेवावा." अक्षर बदललं नाही. मग गठ्ठा बांधला, रजिस्टरवर सही केली आणि कागद फाडायच्या यंत्राकडे पाठवून दिला. माझ्या नोकरीतली ही दुसरी खोटी नोंद.