घाईच्या रेषा

४ फेब्रुवारी
चित्रातल्या पेशींच्या कडा आखणारा आमचा प्रोग्राम पुन्हा घाई करतोय! माशाच्या भ्रूणातली एक पेशी अजून एकसंध आहे, आणि याने मधोमध रेष ओढून तिच्या दोन करून टाकल्या. मधली कड दिसायच्या आधीच!

शिकवलं कुणी? भिंगरीनेच. पायाला चाक लागलेलं, म्हणून लॅबमध्ये सगळे त्याला भिंगरी म्हणायचो. पेशींच्या कडा हाताने काढून प्रोग्रामला दाखवल्या, त्या सगळ्या त्याच्या. मी म्हणायचे, "थांब ना जरा, अजून दोन झाल्या नाहीयेत." तर म्हणायचा, "होणारच आहेत गं!"

गेल्या वर्षी दुसऱ्या लॅबमध्ये गेला. तो काही बोलला नाही, मीही अडवलं नाही. आता प्रोग्राम हुबेहूब त्याच्यासारखा चुकतो आणि मी बघत बसते.

५ फेब्रुवारी
फार आठवण येते. बस.

९ फेब्रुवारी
सर वैतागले. "किती दिवस लागतील दुरुस्तीला?" खरं तर त्या घाईच्या रेषा पुसून प्रोग्रामला पुन्हा शिकवायचं — एका दुपारचं काम. पण तोंडातून निघालं, "सर, ज्याने रेषा काढल्या त्यालाच बोलवावं लागेल." धडधडीत खोटं! कान तापले.

धाकटीला फोनवर सांगितलं. खो-खो हसत सुटली. "ताई, सरळ विचार ना त्याला! त्या बिचाऱ्या माशांना कशाला मध्ये घालतेस?"

२३ फेब्रुवारी
आला! वाळलाय. चष्मा नवा. शेजारी बसला, दोन-चार चित्रं पुढे-मागे केली आणि हळूच म्हणाला, "हे तर तुला एकटीला जमलं असतं."

"जमलं असतं," मी म्हटलं.

त्याने माऊस घेतला आणि रेषा पुसायला लागला. एकेक, सावकाश. एवढा शहाणा कधी झाला हा?

२४ फेब्रुवारी
काम संपवून दुपारच्या गाडीने गेला. सरांशी गप्पा, मला नुसतं "येतो". स्टेशनवर सोडायला जायला हवं होतं. गेले नाही. मूर्ख!

२६ फेब्रुवारी
प्रोग्राम नव्याने चालवला. सगळीकडे ठीक, फक्त शेवटच्या भ्रूणात नुसता गोंधळ. उघडून बघते तर काय — तिथे त्याने जुनं काही पुसलेलंच नाही. उलट परवा बसून नव्या रेषा ओढून ठेवल्यात, जिथे पेशीच नाहीत तिथेसुद्धा!

सर म्हणाले, "याला परत बोलवावं लागणार."

मी म्हटलं, "हो सर. लवकर."