मला घरी पाठवायला आलेलं यंत्र

झल्लाक, बहरीन
शुक्रवार, १८ ऑक्टोबर १९९६

प्रिय मंगला,

तुला आणि भाऊजींना मनापासून नमस्कार, नातवंडांना पापे. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेलं तेल चोळतेस, की बाटली खिडकीत ठेवून नुसती तिच्याकडे बघतेस? (मी तुला आठ वर्षांची असल्यापासून ओळखते, तेव्हा खरं काय ते लिही.) भाऊजींचा खोकला थंडीआधी बरा होवो, अशी आज सकाळी चर्चमध्ये मिस्सेत प्रार्थना केली. इथे आमचा रविवार शुक्रवारीच असतो, हे तुला मागे कळवलंच आहे. माझी प्रकृती उत्तम आहे, एक रक्तदाब सोडला तर. आणि तोही माझा नव्हे. तो मला हॅन्सेलने दिला आहे.

हॅन्सेल म्हणजे आमच्या हॉटेलचा नवा असिस्टंट मॅनेजर. आईबाप आपल्याकडच्या गिरीजचे, स्वतः वाढला वांद्र्याला, हॉटेल मॅनेजमेंट शिकून आला आहे. मराठी त्याला सगळं समजतं. पण मी मराठीत विचारलं की उत्तर इंग्रजीत, आणि शेवटी ‘आंटी’. मी इथल्या हाउसकीपिंगची सुपरवायझर. हा मुलगा शाळेत पाटी-दप्तर सांभाळत होता तेव्हापासून मी या हॉटेलचे गालिचे सांभाळते आहे. आणि गालिचे म्हणजे किती, तर लॉबी, जिने, सगळ्या मजल्यांचे पॅसेज आणि मोठा हॉल. हॉटेल समुद्राला लागून. गुरुवार-शुक्रवारी पुलापलीकडून सौदीची कुटुंबं येतात, त्यांची गोड गोड मुलं ओल्या पायांनी निम्मा किनारा आत घेऊन येतात, आणि लॉबीच्या कोपऱ्यात पाहुण्यांसाठी कावा, म्हणजे इथली अरबी कॉफी, आणि खजूर मांडलेला असतोच. आम्ही बायका आधी वाळू व्हॅक्युमने ओढून काढतो आणि मग गुडघ्यांवर बसून ब्रशाने डाग काढतो. वर्षानुवर्षं हेच चाललं आहे आणि कुणाचीही तक्रार नाही.

ऑगस्टात या मुलाने मीटिंग घेतली. म्हणाला, आता फिरत्या ब्रशाचं यंत्र येणार, गुडघ्यांवर बसणं खलास. इथपर्यंत मी टाळ्या वाजवल्या. पुढे म्हणाला, यंत्र आलं की एवढ्या बायका लागणार नाहीत, आणि आंटींचं काँट्रॅक्ट डिसेंबरात संपतंच आहे, तर त्यांना त्यांची हक्काची विश्रांती देऊ या. हक्काची विश्रांती! मंगला, मी कुणाकडे मागितली होती का गं? सगळ्यांसमोर असं म्हणाला, जणू मला फुलांचा गुच्छच देत होता. मी टाळ्या वाजवलेले हात पदराखाली घेतले. (मी इथे साडी नेसते, युनिफॉर्मच्या रंगाची. मॅनेजर आले आणि गेले, साडी राहिली.)

ही बातमी आमच्या डेनिसला कळल्यावर त्याला कोण आनंद! भाऊ म्हणून त्याची माया मी जाणते. माझे मिस्टर गेले तेव्हापासून तो ‘बहिणी, घरी ये’ म्हणून मागे लागला आहे. मागची खोली रंगवून घेतली, माझ्या भावजयीने, कॅरलने, पडदे शिवले. निळे, मला आवडतात तसे. फोनवर ती म्हणाली, तुम्ही आलात की बरंच होईल, मुलं शाळेतून आली की घरात कुणीतरी असेल, मलाही पुन्हा नोकरी बघता येईल, आणि पाण्याची मोटरही वेळेवर बंद होईल. म्हणजे इथली शिफ्ट सुटली की तिथली सुरू, तीही बिनसुट्टीची. मी फोनवर हो हो म्हटलं. आपल्याकडची केळीची बाग, संध्याकाळी देवळाच्या घंटेबरोबर उठणारे बगळे, सगळं डोळ्यांपुढे आलं आणि माझं हो हो लांबलं, ते कॅरलला आनंदाचं वाटलं.

तर मला घरी पाठवणारं हे यंत्र निवडायला हॅन्सेल मनामाला निघाला, आणि सोबत कुणाला न्यावं? मलाच. बकरीला घेऊन सुरी पसंत करायला जावं तसं. दुकानातला विक्रेता उबेद, राजापूरचा, बोलायला लागला की थांबायचं नाव नाही, पण माणूस खरा. त्याने दोन यंत्रं दाखवली. दिसायला सारखीच: खाली पाटाएवढी गोल चकती, वर मोटर आणि उंच दांडा. एक जड आणि सावकाश फिरणारं, त्याला लांब केसांचा ब्रश आणि दांड्यावर साबणाच्या पाण्याची टाकी, हे गालिच्याचं. दुसरं त्याच्या कितीतरी पट वेगाने फिरणारं, ते संगमरवर चमकवायचं. वेगाचं यंत्र गालिच्यावर नेलं तर लोकरीचा धागा पिळून निघेल, हे उबेदने दोनदा सांगितलं आणि मी तिसऱ्यांदा. हॅन्सेलने दोन्हींचे आकडे वाचले आणि जास्त आकड्याचं घेतलं. म्हणाला, “आंटी, फास्टर इज बेटर.” मी उबेदकडे बघितलं तर तो हळूच म्हणाला, “मॅडम, गिऱ्हाईक मोटार मागतंय, मी त्याला बैलगाडी कशी विकू?”

उद्घाटन लॉबीत, दिवसाउजेडी, रिसेप्शनच्या मुलींसमोर. मी म्हटलं, आधी वाळू तरी ओढून घेऊ दे. नको म्हणाला, यंत्र सगळं करेल. साबण बाटलीवर लिहिला होता त्याच्या दुप्पट घातला, कारण फेस जास्त तर सफाई जास्त. (असा मुलगा आईच्या हाताखाली एकदा तरी कपडे धुवायला बसला असता, तर जगाचं किती भलं झालं असतं.) वाळूवर पाणी आणि पाण्यावर साबण, म्हणजे काय झालं ते तू ओळखलंस. चिखल. त्या चिखलात याने बटण दाबलं आणि व्हॅक्युम ढकलतात तसं यंत्र पुढे ढकललं. ते पुढे जात नाही गं. ते आडवं जातं. हॅन्सेल दांड्याला धरून आडवा, टायसकट, थेट कोपऱ्यातल्या काव्याच्या टेबलाकडे. बटण सोडलं की यंत्र थांबतं, पण घाबरलेला माणूस सोडत नाही, आणखी आवळतो. कावा सांडला, तबक उपडं झालं, आणि ब्रशाने सगळा खजूर गालिच्यात असा लिंपला, की कुशल गवंड्यानेही मान डोलवावी. एका छोट्या सौदी मुलीने टाळ्या वाजवून पुन्हा करा म्हटलं. मी हसले नाही. मी त्या गालिच्याकडे बघत होते. तो मी माझ्या हातांनी इतकी वर्षं जपला होता, आणि आता त्याच्यावर भोवऱ्यासारखी वळणं उमटली होती, ती अजून गेलेली नाहीत.

उबेदने भल्या मनाने यंत्र बदलून दिलं आणि स्वतः येऊन सावकाश फिरणारं चालवून दाखवलं. तो गेला आणि आमच्या मेंटेनन्सचा ताहिर पुढे झाला. श्रीवर्धनचा, दंड असे की फ्रिज एकटा उचलतो. त्याने जोर लावला, यंत्राने त्याच्याहून जास्त लावला. डावीकडच्या भिंतीवर आपटला, उजवीकडच्या भिंतीवर आपटला, आणि शेवटी ‘हे जनावर आहे’ म्हणून बाजूला झाला. मग हॅन्सेलने जाहीर केलं, यंत्रातच खोट आहे, गालिचे यापुढे बाहेरच्या कंपनीकडे. म्हणजे यंत्र चाललं तरी मी घरी आणि नाही चाललं तरी मी घरी. मला तर असा संताप आला, की रात्री जपमाळेत दोनदा चुकले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मालकांच्या मुलीचा साखरपुडा होता, आमच्याच मोठ्या हॉलात. बाहेरच्या कंपनीने ऐनवेळी ‘बुकरा, इंशाल्ला’ म्हणजे ‘उद्या बघू’ कळवलं. गुडघ्यांवर बसून तो हॉल एका दिवसात होण्यातला नव्हता. सकाळी मी लिननच्या खोलीत चादरी मोजत होते, तर हॅन्सेल दारात. म्हणाला, “आल्बिनामावशी, एकदा तुम्ही धरून बघता का? माझी नोकरी जाईल हो.” मराठीत! अगदी गिरीजच्या मराठीत, त्याच्या आजीच्या तोंडची असेल अशा. मंगला, माझ्या हातातली चादर तशीच राहिली. आल्यापासून हा मुलगा माझ्याशी परक्यासारखा बोलला, आणि अडचण आल्याबरोबर माझा भाचा झाला. याचाही मला रागच आला, पण मी गेले.

आणि आता बघ. मी आधी बायकांकडून सगळी वाळू ओढून घेतली, साबण बाटलीवर लिहिल्याइतकाच घातला, दांडा हातात घेतला, बटण दाबलं, आणि डोळे मिटले तशी मी आपल्या बोर्डिंगच्या हॉलात! तो लाल कोबा, मेणाचा वास, पायाखाली नारळाच्या सालीचं अर्धं सोडण, आणि सिस्टर ऑगस्टा टाळी देताहेत, कंबर सैल, पाठ सरळ, जोर नको मुली, जोर नको. दर शनिवारी आपण सोडणावर पाय ठेवून त्या जमिनीला आरशासारखी करायचो. जी जोर लावायची ती घसरायची. (तू मदरच्या चहाच्या ट्रेवर गेली होतीस. मदरना लागलं नाही, हे देवाचे उपकार.) हे यंत्र म्हणजे दुसरं काही नाही गं, वीज लावलेलं सोडण आहे. ढकलायचं नाहीच. दांडा बोटभर वर केला की ते उजवीकडे जातं, बोटभर खाली केला की डावीकडे. आपण फक्त कमरेत डुलत मागे मागे सरायचं. बुटांतल्या पुरुषांना हे कोण शिकवणार? हॉल दुपारपर्यंत झाला, पंखे लावून संध्याकाळपर्यंत वाळला. मालकांची म्हातारी आई चप्पल काढून त्यावरून चालली.

आणि यावर हॅन्सेल काय म्हणाला असेल? ‘आंटी, यू आर अ नॅचरल.’ पुन्हा इंग्रजी, पुन्हा आंटी! जन्मजात म्हणे. चार वर्षांचे शनिवार त्या कोब्यावर झिजवले ते कुठे गेले? अशा कृतघ्न जागी मी एक दिवसही जास्त राहणार नाही, हे मी ठरवलं आहे. नाताळाआधी येते. निळे पडदे, मागची खोली, पाण्याची मोटर, सगळं मान्य. तुझ्याकडे दुपारी येऊन बसेन, आणि आपण दोघी उरलेल्या जगावर रागावू.

भाऊजींचा खोकला आणि तुझा गुडघा यांची बातमी लवकर कळव. देव तुम्हा सर्वांना सुखात ठेवो.

तुझीच,
आल्बिना

ता. क. वरचं नाताळाचं वाक्य तेवढं वाचू नकोस, ते रागाच्या भरात लिहिलं. काल मी नव्या काँट्रॅक्टवर सही केली. दोन वर्षांचं आहे. बायका सगळ्या राहिल्या, आणि त्यांना यंत्र शिकवायचं काम माझ्याकडे आलं. पगार तोच, पण आता गुडघे माझे आहेत. मंगला, खरं सांगू? दांडा हातात आला की मी पुन्हा चौदा वर्षांची होते. ते मला मागच्या खोलीत कोण देणार?

ता. क. २. हे डेनिसला मी सांगू शकत नाही. त्याने रंग स्वतः लावला आहे. तू जा. रविवारी जेवणानंतर जा, तेव्हा तो मऊ असतो, आणि आधी पडद्यांचं कौतुक कर. पडदे काढू नका म्हणावं, मी दोन वर्षांनी येतेच आहे.

ता. क. ३. बायकांनी यंत्राला नाव ठेवायला सांगितलं. मी ‘मंगला’ ठेवलं आहे. रागावू नकोस. ढकललं तर अंगावर येते, आणि बोटभर खूण केली की जिथे पाठवावी तिथे जाते. म्हणून तर डेनिसकडे तुलाच पाठवते आहे.